साइटवर सुचलेली युक्ती पुढे जाते कुठे? (इंदूरच्या बांधकाम कंपन्या आणि नवं करून पाहण्याची मोकळीक)

ओळंबा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

मी इंदूरमध्ये एका बांधकाम कंपनीत प्लॅनिंग बघतो. त्याआधी बरीच वर्षं साइटवरच होतो. सध्या आपल्या शहरात कामाला तोटा नाही. मेट्रोचा सुपर कॉरिडॉरवरचा पहिला टप्पा ३१ मे २०२५ ला सुरू झाला, बायपासला आणि कनाडियाकडे जिथे बघाल तिथे टॉवर क्रेन उभ्या आहेत. कंपन्याही पैसा लावतात. ॲल्युमिनियम फॉर्मवर्क आलं, ड्रोनने सर्व्हे होतो, बिमची (इमारतीचं संगणकावर मॉडेल करणारी) सॉफ्टवेअरं आली. हे सगळं चांगलंच आहे. पण ते विकत आणलेलं नवं. कामावरच्या माणसाला काही सुचलं तर ते करून बघायची सोय आपल्या साइटवर आहे का, हा माझ्या मनातला प्रश्न आहे आणि त्यासाठी हा धागा.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो.

टॉयलेटच्या स्लॅबमधून पाइप खाली उतरतात. अजूनही कितीतरी साइटवर आधी स्लॅब भरतात आणि मग प्लंबरचा माणूस ब्रेकर घेऊन येतो. भोक हवं असतं चार इंचांचं, पडतं नऊ इंचांचं. मध्ये सळई आली की तीही कापतात. मग कुणीतरी मसाला कालवून ते बुजवतं आणि पुढे खालच्या फ्लॅटच्या छताला ओल धरते. घर घेतलेला माणूस सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडत बसतो आणि तोवर आपण सगळे दुसऱ्या साइटवर गेलेलो असतो.

आमच्याकडे सेंट्रिंगचा (स्लॅबचे साचे, म्हणजे शटरिंग, आणि टेकू उभारणारा) एक मिस्त्री होता. झाबुआकडचा. शाळा फारशी झालेली नाही, पण ड्रॉइंग असं वाचतो की डिप्लोमावाल्या पोरांनी त्याच्याकडे शिकावं. त्याने सुचवलं की प्रत्येक प्रकारच्या टॉयलेटसाठी बारा एमएम प्लायचा एक साचा कापू. पाइप जिथे येतात तिथे साच्यात गोल. साचा शटरिंगवर कॉलमच्या कडेपासून माप धरून ठेवायचा, खडूने गोल आखायचे, साचा उचलून घ्यायचा आणि त्या खुणांवर पीव्हीसी पाइपचे स्लॅबच्या जाडीएवढे तुकडे उभे करायचे. आत ओली रेती ठासायची, दोन्ही तोंडांना टेप मारायची. शटरिंग उतरवलं की टेप फाडा, रेती खाली पडते, भोक तयार. ब्रेकर नको, सळईला धक्का नको.

पहिल्या स्लॅबला काही तुकडे सरकले. काँक्रीट ओतताना ते बसवायचा नीडल व्हायब्रेटर जवळून फिरला आणि ते हलले. दुसऱ्या दिवशी प्रोजेक्ट मॅनेजरने सगळ्यांसमोर विचारलं, ‘किसके कहने से किया?’ मिस्त्री खाली मान घालून उभा राहिला. त्या साइटवर नंतर त्याने काहीही सुचवलेलं मला आठवत नाही.

पुढे दुसऱ्या कंपनीत, दुसऱ्या साहेबांच्या हाताखाली, तोच मिस्त्री माझ्यासोबत आला. मी त्याला पुन्हा ते करायला सांगितलं. पुन्हा एक-दोन तुकडे सरकले. हे साहेब वर स्लॅबवर आले, गुडघ्यावर बसून बघितलं आणि म्हणाले, ‘क्यों सरका?’ मिस्त्रीनेच उत्तर दिलं, की तुकडा फक्त खिळ्यांवर उभा आहे, त्याला धरायला काही नाही. पुढच्या स्लॅबला प्रत्येक तुकड्याभोवती आठ एमएमची रिंग टाकून ती बाइंडिंग तारेने जाळीला बांधली. त्यानंतर नीडल कितीही फिरवा, तुकडा जागचा हलत नाही.

माणूस तोच, युक्ती तीच, सरकलंही तसंच. फरक पडला तो साहेबांच्या पहिल्या प्रश्नाने.

पण नुसता साहेब चांगला असून भागत नाही, हेही तिथेच दिसलं. सेंट्रिंगचा रेट चौरस मीटरवर असतो. स्लीव्ह, म्हणजे पाइपचे हे तुकडे, बसवण्यात जो वेळ जातो त्याचे पैसे कुणीच देत नाही. उलट भोक पाडण्याचे पैसे प्लंबिंगच्या रेटमध्ये धरलेले असतात, म्हणजे काम वाचलं तरी ते पैसे प्लंबिंगवाल्यालाच जातात. गळती थांबल्याचा फायदा वॉटरप्रूफिंगवाल्याला आणि घरमालकाला. मेहनत एकाची, फायदा भलत्याचा. शेवटी साहेबांनी ‘स्लीव्ह बसवणे, प्रति नग’ असा छोटा रेट काढून दिला, तेव्हा कुठे ती गोष्ट त्या साइटवर कायमची झाली.

आणि मग प्रोजेक्ट संपला. मिस्त्री सुरतेला गेला, ज्युनिअर इंजिनियर नागपूरला. कारखान्यात निदान तीच मशीन, तीच माणसं, तीच जागा राहते. आपल्याकडे दर दोन-तीन वर्षांनी सगळा संसार मोडतो. कंपनीच्या पुढच्या साइटवर पुन्हा ब्रेकर.

माझं मत असं झालंय की ‘नावीन्याचं वातावरण’ हे भिंतीवरच्या पोस्टरने आणि सजेशन बॉक्सने होत नाही. ट्रायल फसली तर तिचा खर्च कुणाच्या नावावर पडणार, हे ट्रायलच्या आधी ठरलेलं असलं तर ते वातावरण असतं. बाकी सगळं त्यामागून येतं.

तुमच्याकडे काय चालतं ते लिहा. सरकारी, खाजगी, कन्सल्टंट, ठेकेदार, सगळ्यांनी.

---

रामबागकर

चांगला विषय काढलात. मी पीडब्ल्यूडीतून निवृत्त झालो, तेव्हा जुन्या पिढीचं बोलतो.

आपल्या माळव्याची काळी माती उन्हाळ्यात हात जाईल अशी भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. साध्या पायावरची घरं तडकायची. त्यावर रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने १९५० च्या दशकात अंडर-रीम्ड पाइल काढले, तळाशी फुगवटा असलेले, म्हणजे मातीची हालचाल जिथपर्यंत पोचत नाही तिथे पाय रोवलेले. आज इंदूरचा कुठलाही इंजिनियर ते डोळे झाकून ड्रॉइंगमध्ये टाकतो. पण तेव्हा ते नवीनच होतं आणि कुणीतरी आपल्या सहीने ते पहिल्यांदा वापरलं असणार. त्या पहिल्या सहीला मी फार मानतो.

दुसरं, कोकण रेल्वे. रत्नागिरीजवळच्या पानवल नदीवरच्या पुलाचे खांब ६४ मीटरपर्यंत उंच आहेत. दरीत इतक्या उंच सेंट्रिंग उभारणं शक्य नव्हतं, म्हणून एका टोकाला गर्डर तुकड्या-तुकड्याने ओतायचा आणि पुढे ढकलत न्यायचा, ही इन्क्रिमेंटल लाँचिंगची पद्धत भारतात तिथे पहिल्यांदा वापरली. कोकण रेल्वेचे तेव्हाचे प्रमुख श्रीधरन साहेबांनी सगळी लाइन सेक्टरमध्ये वाटली होती, प्रत्येक सेक्टरला चीफ इंजिनियर आणि त्याच्या हातात निर्णयाचे अधिकार. फाइल दिल्लीला जाऊन परत येईपर्यंत थांबायचं नाही. ऑफिसात उलट चालणारं घड्याळ, किती दिवस उरले ते दाखवणारं. मुदतीचा ताण होता, पण त्याच्यासोबत अधिकारही होता. आजकाल साइटवर ताण पूर्ण उतरतो आणि अधिकार हेड ऑफिसात राहतो. ओळंबा, तुमच्या त्या पहिल्या प्रोजेक्ट मॅनेजरला तरी स्वतःच्या सहीने किती रुपये खर्च करता येत होते, ते बघितलं पाहिजे.

---

एमबी_बुक

रामबागकर काकांशी सहमत. मी बिलिंगमध्ये आहे, तर पैशाच्या बाजूने लिहिते.

आपली बहुतेक सरकारी कामं एल-वनवर जातात. ज्याचा भाव सर्वांत कमी त्याला काम. बीओक्यूमधला (कामाच्या यादीतला) प्रत्येक आयटम एसओआरला (सरकारी दरसूचीला) बांधलेला. ठेकेदाराने काही वेगळं, चांगलं करायचं म्हटलं तर ते एक्स्ट्रा आयटम होतं, त्याचं रेट ॲनालिसिस मागतात, मंजुरी येईपर्यंत काम पुढे गेलेलं असतं. म्हणून जाणता ठेकेदार सुचवतच नाही.

दोन दारं मात्र उघडी आहेत आणि लोकांना ती माहीत नसतात. अर्थ मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये काढलेल्या सूचनांप्रमाणे कामांच्या टेंडरलाही गुणवत्ता आणि किंमत दोन्ही धरून निवड करता येते. मात्र किंमत सोडून बाकीच्या गुणांना जास्तीत जास्त ३० टक्के वजन. दुसरं, फिडिकच्या (सल्लागार इंजिनियरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) १९९९ च्या रेड बुकात, म्हणजे नमुना करारात, १३.२ हे व्हॅल्यू इंजिनियरिंगचं कलम आहे. ठेकेदाराने सुचवलेल्या बदलाने मालकाचे पैसे वाचले तर निव्वळ बचतीचा साधारण निम्मा वाटा ठेकेदाराला. हे कलम असलेल्या करारांवर मी काम केलंय. कलम वापरायला कुणी तयार नसतं, कारण बचत किती झाली यावर ऑडिट प्रश्न विचारेल ही भीती.

पण मोठे करार सोडा. ओळंबांच्या साहेबांनी ‘प्रति नग’ रेट काढला, ती खाजगी कंपनीत अगदी सहज होणारी गोष्ट आहे. सब-कॉन्ट्रॅक्टरच्या वर्क ऑर्डरमध्ये एक ओळ वाढते, बस.

---

काळी_माती

मी स्ट्रक्चरल डिझाइन करतो आणि मला या धाग्यातला उत्साह थोडा काळजीचा वाटतो. स्पष्ट लिहितो.

साइटवर सुचलेल्या युक्त्यांनी माणसं मेलेली आहेत. ‘चौथ्या दिवशी टेकू काढले, काही झालं नाही’ हे मी किती वेळा ऐकलंय. साध्या सिमेंटला, तापमान बरं असताना, आयएस ४५६ (काँक्रीटचा भारतीय कोड) सांगतो की ४.५ मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवस, त्यापुढच्या स्पॅनला १४ दिवस. पीपीसी (राख मिसळलेलं सिमेंट) असेल, थंडी असेल तर आणखी. ज्याने ते लवकर काढले त्याच्या दृष्टीने ते नावीन्यच होतं, शटरिंगचा एक सेट वाचला. तसंच काँक्रीट ‘चालवायला’ ट्रकमध्ये पाणी मारणं. तसंच कॉलम थोडा सरकला म्हणून सळया वाकवून आणणं.

म्हणून मोकळीक कुठे नाही, ते आधी लिहा. भार वाहणाऱ्या कुठल्याही गोष्टीत, टेकूत, परांचीत, मातीच्या खोदाईत, विजेत, कन्सल्टंटच्या लेखी होकाराशिवाय काहीही करून बघायचं नाही. स्लीव्हचंही तेच. स्लॅबमध्ये चार इंची भोक ठीक आहे, पण साचा एक फूट सरकून तो गोल बीममध्ये गेला तर? कॉलमच्या अगदी लगत फ्लॅट स्लॅबमध्ये (बीम नसलेल्या) गेला तर पंचिंग शिअरचा, म्हणजे कॉलम स्लॅबला भोसकून जाण्याचा, प्रश्न येतो. मिस्त्रीला ते कळण्याची अपेक्षा ठेवणं अन्याय आहे.

---

ओळंबा

काळी_माती, तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य. आमच्याकडे साच्याचं ड्रॉइंग कन्सल्टंटकडून सही होऊन आलं होतं आणि बीमपासून किती लांब ते त्यावर लिहिलेलं होतं. मूळ पोस्टमध्ये हे यायला हवंच होतं, आता इथे आलं.

पण एक विचारतो. टेकू चौथ्या दिवशी काढणारा माणूस ते का काढतो? बहुतेक वेळा त्याला पुढच्या स्लॅबची तारीख दिलेली असते, सेट अपुरे दिलेले असतात आणि ‘जमणार नाही’ म्हणायची सोय नसते. तो चोरून काढतो. जिथे उघडपणे विचारता येतं तिथे तो तुम्हाला फोन करेल, ‘सर, काढू का?’ म्हणून. तुम्ही नाही म्हणाल आणि तो थांबेल. विचारायची मोकळीक आणि नियम पाळणं या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध नाहीत, मला तर त्या एकत्रच दिसतात.

---

वर्ग_आणि_साइट

मी शिकवतो, त्यामुळे अभ्यासाकडून थोडं.

ओळंबांनी जे लिहिलं त्याला पुष्टी देणारी एक गोष्ट रुग्णालयांतून आली आहे. एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधिका १९९० च्या दशकात वॉर्डांमधल्या औषधांच्या चुका मोजत होत्या. अपेक्षा अशी की चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील. आकडे उलटे आले, चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त. उलगडा असा झाला की तिथे माणसं चूक झाली की बोलत होती, दुसरीकडे लपवत होती. १९९९ च्या शोधनिबंधात त्यांनी टीममधली मानसिक सुरक्षितता ही कल्पना मांडली. आता आपल्या साइटवरचं निअर-मिस (थोडक्यात टळलेल्या अपघातांचं) रजिस्टर उघडून बघा. महिनोन्महिने कोरं असेल तर साइट सुरक्षित आहे असं समजू नका. तिथे कुणी बोलत नाही, एवढंच कळतं.

दुसरं, बांधकामातल्या नावीन्याचे प्रकार सारा स्लॉटर यांनी १९९८ मध्ये मांडले. एका टोकाला छोटी सुधारणा, जी एकट्या टीमला तिथल्या तिथे करता येते. दुसऱ्या टोकाला असा बदल की ज्याने डिझाइन, खरेदी, काम करायची पद्धत सगळंच बदलतं. मधल्या प्रकारांत कधी एखादा भाग बदलतो, कधी भागांचं एकमेकांशी असलेलं नातं. आपली गल्लत इथे होते. स्लीव्हसारखी गोष्ट फोरमनच्या पातळीवर मंजूर व्हायला हवी, ती आपण हेड ऑफिसला पाठवतो. आणि प्रीफॅबसारखा (भाग कारखान्यात तयार करून आणण्याचा) मोठा बदल, ज्यात वरिष्ठांनी पहिल्या दिवसापासून बसायला हवं, तो साइट इंजिनियरच्या डोक्यावर टाकतो.

मोठ्या बदलाचं उदाहरण आपल्याच गावात आहे. १ जानेवारी २०२१ ला सहा शहरांत लाइट हाउस प्रोजेक्टची पायाभरणी झाली. इंदूर, राजकोट, चेन्नई, रांची, अगरतळा, लखनौ. प्रत्येक ठिकाणी वेगळं तंत्र. इंदूरला १,०२४ घरं, प्रीफॅब सँडविच पॅनेलची. स्टीलची चौकट आणि भिंतींना कारखान्यातून आलेले पॅनेल. दोन बाजूंना पातळ बोर्ड, मध्ये सिमेंट आणि थर्मोकोलच्या दाण्यांचा हलका गाभा. हे प्रकल्प शिकण्यासाठी खुले ठेवले होते, विद्यार्थ्यांना आणि इंजिनियरांना ‘टेक्नोग्राही’ म्हणून नाव नोंदवता येत होतं. मी मुलांना घेऊन गेलो होतो. पॅनेलच्या खाचेत पॅनेल बसतो, सांध्यात मसाला भरतात, ओल्या विटकामाची राड कुठेच नाही. मुलं विचारत होती, ‘सर, यात वायरिंगची झिरी कशी मारायची?’ नेमका हाच प्रश्न इलेक्ट्रिशियनने, प्लंबरने, फ्लॅटमध्ये खिळा ठोकणाऱ्या माणसाने विचारायला हवा आणि तो डिझाइनच्या टेबलापर्यंत पोचायला हवा. तंत्र आयात करता येतं, हे प्रश्न इथलेच असतात.

---

नर्मदेकाठची

साइट इंजिनियर आहे, हाउसिंगवर. माझा अनुभव ‘विचारायचं कुणाला’ याबद्दल आहे.

आमच्याकडे सोमवारी सकाळी मीटिंग. पीएम (प्रोजेक्ट मॅनेजर), इंजिनियर, ठेकेदारांचे सुपरवायझर. सगळं बोलणं हिंदी-इंग्रजीत. ज्या रेजा (मजूर बायका) दिवसभर ब्लॉक वाहतात त्या अर्थातच तिथे नसतात. त्या आपसात भिलीत बोलतात. मला दोन-चार शब्द येतात. दुपारच्या भाकरीच्या वेळी मी त्यांच्याजवळ बसायला लागले, आधी फक्त उन्हातून सावलीला म्हणून.

एक दिवस त्यांच्यातली एक म्हणाली, ‘मॅडम, ब्लॉक लिफ्टजवळ उतरवतात, मग आम्ही ते उचलून खोलीत, मग मिस्त्री म्हणतो दुसऱ्या खोलीत, पुन्हा उचला. कोपरे फुटतात आणि ओरडा आम्हाला.’ मी दोन दिवस बघितलं. एक एएसी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचा) ब्लॉक भिंतीत लागायच्या आधी तीन-तीनदा हाताळला जात होता. एएसी हलका असतो पण कडा नाजूक, दर वेळी कोपरा उडतो.

आम्ही काय केलं? प्रत्येक खोलीत किती ब्लॉक लागतात ते ड्रॉइंगवरून काढलं आणि जमिनीवर खडूने आकडा आणि चौकोन आखला. ब्लॉक थेट तिथेच उतरायचे, लाकडी पॅलेटवर. फुटीचा ढीग डोळ्यांना दिसेल इतका कमी झाला आणि मिस्त्रीचं वाट बघत बसणं संपलं. हे कुठल्याही कन्सल्टंटने सांगितलं नव्हतं. आता त्या बाईला सोमवारच्या मीटिंगला पंधरा मिनिटं बोलावतो, हाजरी कापत नाही. हे शेवटचं महत्त्वाचं आहे, कारण मीटिंगला आली म्हणून तिची मजुरी बुडणार असेल तर ती का येईल?

लास्ट प्लॅनर नावाची पद्धत ग्लेन बॅलर्ड आणि ग्रेग हॉवेल यांनी १९९० च्या दशकात पुढे आणली. तिचा गाभा हाच आहे. जो माणूस प्रत्यक्ष काम करणार त्यानेच आठवड्याचा शब्द द्यायचा आणि आठवड्याच्या शेवटी दिलेल्यांपैकी किती शब्द पुरे झाले ते टक्क्यांत मोजायचं. न झालेल्यांपुढे कारण लिहायचं, नाव नाही. आमच्याकडे ती पूर्ण चालत नाही, पण कारणांचा तक्ता लावतो. त्यावर सर्वांत जास्त वेळा काय येतं सांगू? ‘ड्रॉइंग आलं नाही’ आणि ‘आधीच्या गँगने जागा साफ केली नाही’. यात नवं तंत्रज्ञान कुठेच लागत नाही.

---

विश्वामित्री

बडोद्याहून नमस्कार. मी प्रीकास्ट यार्डात (जिथे काँक्रीटचे भाग आधीच ओतून ठेवतात तिथे) काम करतो.

आमच्याकडे बुलेट ट्रेनच्या लाइनवर ४० मीटरचे अखंड बॉक्स गर्डर टाकतात, एकेक साधारण ९७० टनांचा. यार्डात तोच गर्डर पुन्हा पुन्हा ओतला जातो. त्यामुळे आज केबलची नळी ओवताना जी अडचण आली ती पुढच्या गर्डरला सोडवता येते, त्याच माणसांना, त्याच जागी. ओळंबांनी म्हटलेलं ‘संसार मोडतो’ ते आमच्याकडे कमी होतं, म्हणून सुधारणा टिकते.

माझी सूचना अशी की इमारतीतही टिपिकल मजले असतात. पहिल्या तीन मजल्यांना ‘शिकायचे मजले’ धरा. त्या मजल्यांचं वेळापत्रक सैल ठेवा आणि प्रत्येक स्लॅबनंतर अर्धा तास सगळ्या गँग तिथेच उभ्या राहून बोलू देत. चौथ्या मजल्यापासून पद्धत पक्की. वेळापत्रक पहिल्या मजल्यापासूनच सात दिवसांच्या सायकलचं काढलं तर करून बघायला वेळच उरत नाही.

आणि एक आठवण इथल्या मातीची. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं, हातांनी काम करणाऱ्याला शास्त्र शिकवायला. आज एम. एस. विद्यापीठाची इंजिनियरिंगची फॅकल्टी त्यातूनच वाढली. मिस्त्री आणि इंजिनियर एका छताखाली बसावेत हा विचार आपल्याकडे एवढा जुना आहे.

---

शटरिंगवाला

सगळ्यांचं वाचलं. ओळंबा दादा, तुम्ही मिस्त्रीचं मनापासून लिहिलंत म्हणून आम्हीही मनातलं लिहितो. आमचे वडील सेंट्रिंगचा ठेका घ्यायचे, आता मी घेतो.

तुम्हाला वाटतं आम्हाला सुचत नाही? रोज सुचतं. सांगत का नाही ते सांगतो.

एका कंपनीच्या कामावर आम्ही जॅक (टेकू) आणि स्पॅनची (त्यांवरच्या आडव्या तुळयांची) मांडणी बदलून, नंबर टाकून, सेट खोलायला आणि वर चढवायला लागणारा वेळ बराच कमी केला. टेकूंचे दिवस नियमाप्रमाणेच, काळी_माती सर, त्यात हात घातला नव्हता. त्यांचे साहेब खूश झाले, फोटो काढले, मला शाल दिली. पुढच्या टॉवरच्या रेटला बसलो तर खरेदीवाले म्हणाले, ‘अब तो तुम्हारा काम जल्दी होता है, रेट कम करो.’ आमच्या डोक्यातून निघालेली बचत आमच्याच रेटमधून कापली. त्यानंतर माझ्या माणसांना मी सांगून ठेवलंय की साइटवर घड्याळ लावून काम करायचं नाही.

आणि आरए बिल, म्हणजे चालू कामाचं वेळोवेळीचं बिल. महिना भरला की माझ्या माणसांना पैसे द्यावेच लागतात, राखी-दिवाळीला गावी जातात तेव्हा तर आगाऊ. वरून बिल येतं दोन-अडीच महिन्यांनी, त्यातून पाच टक्के कापून ठेवतात ते डीएलपी (दोष दुरुस्तीची मुदत) संपल्यावर. ज्याचे पैसे अडकलेत तो नवीन काय करून बघणार? एक शीट प्लाय वाया गेला तरी तो माझ्या खिशातून.

शाल नको. बिल वेळेवर द्या आणि वाचवलेल्यातला वाटा द्या.

---

एमबी_बुक

शटरिंगवाला दादा, हे वाचून फार वाईट वाटलं, कारण रेट कापणाऱ्या टेबलावर मीही बसलेले आहे आणि ते कसं होतं ते जवळून बघते. खरेदी विभागाचं मूल्यमापन फक्त ‘मागच्या रेटपेक्षा किती खाली आणला’ यावर होतं. साइटने कमावलेला विश्वास खरेदी एका मीटिंगमध्ये घालवते आणि दोघांनाही ते कळत नाही.

आमच्या कंपनीत मी हे मांडणार आहे, की सब-कॉन्ट्रॅक्टरने सुचवलेल्या सुधारणेने वेळ किंवा माल वाचला तर त्या कामाचा रेट पुढचे दोन वर्क ऑर्डर खाली आणायचा नाही.

---

स्वच्छ_माळवा

थोडं वेगळं. इंदूर महापालिकेचा बांधकामाच्या मलब्याचा प्लांट देवगुराडियाला आहे. मलबा फोडून त्याची गिट्टी आणि पेव्हर ब्लॉक होतात. आयएस ३८३ (काँक्रीटच्या रेती-गिट्टीचा कोड) च्या २०१६ च्या आवृत्तीने रिसायकल केलेली गिट्टी मान्य केली आहे. एम १५ पेक्षा कमी ग्रेडच्या लीन काँक्रीटमध्ये शंभर टक्के, साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के, एम २५ पर्यंतच्या आरसीसीत २० टक्के. म्हणजे परवानगी तेव्हापासून कोडमध्ये लिहिलेली आहे. तरी फुटपाथखालच्या पीसीसीतही (सळई नसलेल्या साध्या काँक्रीटमध्येही) ती घालायला कन्सल्टंट सही देत नाहीत. काळी_माती सर, रागावू नका, पण इथे अडवणारा कोड नाही.

---

काळी_माती

रागावण्यासारखं काही नाही, हा प्रश्न रास्त आहे. सही न देण्याचं कारण असं की फी ठरलेली असते. नवीन मालावर सही दिली तर ट्रायल मिक्स, पाणी शोषण्याची चाचणी, २८ दिवसांचे क्यूब, सगळ्याचा पाठपुरावा मीच फुकट करायचा आणि उद्या काही झालं तर जबाबदारीही माझीच. शटरिंगवाला दादांनी जे ठेकेदाराबद्दल लिहिलं ते कन्सल्टंटलाही लागू आहे. ट्रायलचा खर्च बिल्डरने वेगळा धरला तर मी पीसीसीसाठी आनंदाने सही देईन. स्वच्छ_माळवा, देवगुराडियाच्या गिट्टीचे चाचणी अहवाल कुणाकडे मिळतील ते कळवा, सुरुवात माझ्या चालू कामातल्या कंपाउंडच्या पीसीसीपासून करू.

---

ओळंबा

शटरिंगवाला दादा, तुमच्या प्रतिसादाने माझ्या मूळ पोस्टमध्ये भर पडली. ट्रायल फसली तर खर्च कुणाचा, एवढंच मी धरलं होतं. ट्रायल यशस्वी झाली तर तिचा फायदा पुढच्या वर्षीही कुणाचा, हे त्याच्या बरोबरीचं आहे.

एमबी_बुक ताई, तुम्ही मांडणार आहात ते वाक्य वर्क ऑर्डरच्या भाषेत इथे लिहाल का? मी आमच्याकडेही तेच नेतो.

---

एमबी_बुक

कच्चा मसुदा: ‘उपठेकेदाराने लेखी सुचवलेल्या व साइट इंजिनियर आणि गरज असल्यास स्ट्रक्चरल कन्सल्टंट यांनी मंजूर केलेल्या बदलाच्या चाचणीचा साहित्य व मजुरीचा खर्च कंपनी सोसेल. बदल स्वीकारल्यास मोजता येणाऱ्या बचतीचा निम्मा वाटा उपठेकेदारास पुढील आरए बिलात देय राहील. त्या बदलाच्या कारणावरून पुढील दोन वर्क ऑर्डरमध्ये संबंधित आयटमचा दर कमी केला जाणार नाही.’

---

शटरिंगवाला

ताई, ‘लेखी सुचवलेल्या’ काढा. माझे निम्मे मिस्त्री लिहीत नाहीत. ‘तोंडी सुचवलेल्या व साइट इंजिनियरने त्याच दिवशी सुचवणाऱ्याच्या नावासह डायरीत नोंदवलेल्या’ असं करा. नाव मिस्त्रीचं पाहिजे, माझं नको, नाहीतर वाटा माझ्यापर्यंत येईल आणि त्याच्यापर्यंत जाणार नाही. बाकी मला मंजूर आहे. पुढच्या महिन्यात बायपासच्या एका कामाच्या रेटला बसायचंय, तिथे हे छापून घेऊन जातो.